डावीकडून पहिला

पूर्णा जंक्शनला, गेटाच्या अलीकडं,
ग्यानोबा काकाच्या घरी मला बोलावणं आलं
कारण नवा टीव्ही नुसता 'नो सिग्नल' म्हणत होता.
"पस्तीस वर्षं सिग्नलापाशी काढली लेकरा,
असा निळा सिग्नल कधी बघितला नाही,"
काका म्हणाला. जायचं का थांबायचं?

पलंगावर तिघं आधीच येऊन बसलेले.
रहीमखान ड्रायव्हर, कानात मशीन.
यादगिरी फायरमन, काठी गुडघ्यांत.
खुर्चीवर टाइमकीपर बोधनकर.
चहाच्या कपांत साय वाळलेली,
म्हणजे बराच वेळ झाला होता.

सुनेचा लॅपटॉप स्टुलावर.
केबल काढली, फुंकली
(फुंकून काही होत नसतं,
पण बघणाऱ्याला बरं वाटतं),
परत खोचली, कट्ट आवाज येईस्तोवर.
रिमोटवर सोर्स. एक नव्हे, दोन.
मग खिडकीचं बटण आणि पी.
टीव्ही पुरता काळा झाला.
कुणी खोकलं नाही.
आणि आला फोटो, भिंतभर.

मीटरगेजचं शेड बंद झालं त्या दिवशीचा.
इंजिनाला झेंडूचा हार,
पुढं खुर्च्यांवर साहेब,
मागं उभ्यानं सगळे, घामेजलेले.
यादगिरी उठला, काचेला बोट लावून मोजू लागला:
"हा मेहबूब, गेला. हा गंगाराम, गेला.
हा मी. केस बघा, केस!"

काकानं चष्मा धोतरानं पुसला, परत घातला.
"मी दिसंना की रे."

लॅपटॉपवर होता. अगदी डाव्या कडेला,
हातात तेलाची बुधली, एक पाय उचललेला.
टीव्हीवर त्या जागी टीव्हीची काळी चौकट,
आणि खांद्याचा जरासा तुकडा,
कुणाचाही असू शकेल असा.

"तू उशिरा आला असशील," बोधनकर म्हणाले.
"उशिरा नाही. बोलावलंच नव्हतं.
इंजिन पुसायलो होतो.
फोटोवाला म्हणला, कडंला हो. अजून. अजून."
बोधनकरांनी रिकामा कप तोंडाला लावला.

मी सांगितलं, खोड टीव्हीची आहे.
जुन्या पेटीत कडेला रेषा यायच्या, मळ दिसायचा,
म्हणून चारी बाजूंनी बोटभर कापायची रीत पडली.
पेटी गेली. कापणं राहिलं.
कुणी बंद कर म्हटल्याशिवाय बंद होत नाही.

आधी चुकलोच. रिझोल्यूशन बदललं,
तर साहेबलोक बांबूसारखे उंच झाले.
"सब दुबले दिखरे," रहीमखान खूश.
परत जागेवर आणलं.
रिमोटचं खालचं बटण मेलेलं,
म्हणून वरच्या बटणानं उलटा फेरा मारत
पिक्चर, त्यात साईज, त्यात...
इथं लाईट गेली.

वीस मिनिटं अंधारात चौघं
शेडमधल्या कुठल्याशा कुत्र्याबद्दल बोलत बसले.
ती तांबडी होती की काळी, यावर एकमत झालं नाही.

लाईट आली. टीव्ही सगळं विसरला होता.
पहिल्यापासून: सोर्स, दोन, मेनू,
उलटा फेरा, पिक्चर, साईज,
आणि तळाशी एक ओळ, जस्ट स्कॅन.
दाबलं.
फोटो चहूबाजूंनी बोटभर आत सरकला.

काका काही बोलला नाही.
टीव्हीजवळ गेला, इतका जवळ
की त्याच्या श्वासानं काच धुरकटली.
"बुधलीला झाकण नव्हतं," म्हणाला,
"सांडलं असेल त्या दिवशी. कुठं आठवतंय."

वहीच्या पानावर सगळं लिहून दिलं,
मोठ्या अक्षरात, लाईट गेली तर परत करायला.
त्यानं ते रिमोटच्या पाठीला
जखमेच्या पट्टीनं चिकटवलं.

दीडशे झाले, म्हटलं.
काकानं कोपरीतून शंभराची नोट काढली.
पन्नास बोधनकरांनी दिले,
कुणी मागितले नव्हते,
टीव्हीकडं न बघता.